कार्ड माझं, हात दुसऱ्याचा

मेमोत माझं नाव होतं, एम्प्लॉयी नंबर होता आणि एक वेळ होती. रात्रीचे २ वाजून ४७ मिनिटं. त्या वेळी मी एका पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट उघडला आणि बाहेर फोडला, असा आरोप. मी एकोणीस वर्षं नर्सिंग करते आहे. तो पेशंट माझ्या बेडवरचा नव्हताच, आणि मेमो हातात पडेपर्यंत मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

एचआरच्या साहेबांनी कॉम्प्युटरची एक प्रिंट समोर सरकवली. म्हणाले, "सिस्टर, माणूस खोटं बोलू शकतो, कार्ड बोलत नाही." मेट्रन मॅडम शेजारीच होत्या. बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आहेत. त्या रात्री मी कुणाबरोबर आणि कुठे होते, हे त्यांनी नाइट रिपोर्टमध्ये वाचलेलं होतं. तरी त्या मान खाली घालून बसल्या. मेमोपेक्षा ते मला जास्त लागलं.

ही कार्डं आली तेव्हा मला आनंदच झाला होता. गळ्यातलं कार्ड रीडरला टेकवलं की स्क्रीन उघडते, पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याला हातातला रीडर लावला की त्याचीच फाइल समोर येते. एका नावाचे दोन पेशंट वॉर्डात असले की औषध देताना किती धाकधूक असते, ते आम्हालाच माहीत. ती या पट्ट्यांनी कमी झाली, हे मी आजही सांगेन. पण ट्रेनिंग अर्ध्या तासाचं, तेही हँडओव्हरच्या गडबडीत. कार्डात नेमकं काय असतं, ते मी मेमो मिळाल्यावर शिकले. त्याला बॅटरी नसते. रीडरच्या रेडिओ लहरींवर आतली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. तो नंबर कुणाच्या नावावर आहे ते सर्व्हर बघतो. कार्ड कुणाच्या हातात आहे आणि नंतर स्क्रीनसमोर कोण बसलं, हे दोघांनाही कळत नाही.

त्या रात्री २ वाजून ३१ मिनिटांनी मी इंजेक्शनची नोंद करायला कार्ड टेकवलं. तेवढ्यात सात नंबर बेडवरच्या पेशंटच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली. आरएमओ म्हणाले, आत्ताच्या आत्ता सीटी. पेशंट व्हेंटिलेटरवरचा. अँब्यू दाबत मी, आरएमओ आणि वॉर्डातले मामा असे लिफ्टने खाली गेलो. सीटीच्या रजिस्टरमध्ये २ वाजून ४४ मिनिटांना माझी सही आहे. परत वर यायला सव्वातीन वाजले.

मग २:४७ ला माझ्या नावाने फाइल उघडली कशी? चार दिवस मी झोपले नाही. खरंच मी काही विसरले का, असं स्वतःलाच विचारत होते. पाचव्या दिवशी हट्ट करून आयटीच्या खोलीत गेले आणि तिथल्या मुलाला म्हटलं, प्रिंट नको, पूर्ण लॉग दाखव. त्याने दाखवला. त्यात दोन रकाने होते, एक कार्ड टेकवल्याचा, एक फाइल उघडल्याचा. माझं कार्ड २:३१ नंतर थेट ३:२० ला टेकवलेलं होतं. मधल्या वेळात फाइल उघडली ती माझ्याच उघड्या राहिलेल्या स्क्रीनवरून, नर्सिंग स्टेशनवरच्या मशीनवर. मला दिलेल्या प्रिंटमध्ये पहिला रकाना आणि मशीनचं नाव, दोन्ही गाळलेलं होतं. मी त्या खुर्चीवरच रडले.

तो मुलगा भला होता. त्यानेच सांगितलं की स्क्रीन आपोआप बंद व्हायची मुदत आधी पाच मिनिटं होती. राउंडमध्ये सारखं कार्ड लावावं लागतं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी तक्रार केली आणि ती वीस मिनिटं झाली. आम्हा नर्सेसना कुणी कळवलंसुद्धा नाही. स्क्रीन मी उघडी टाकली, हे खरं. पण सात नंबरचा श्वास माझ्या हातात होता.

म्हणून माझ्या बहिणींना सांगते, मेमो घेताना नुसती सही करू नका. "मिळाला, मजकूर मान्य नाही" असं लिहून, तारीख आणि वेळ घालून सही करा. मला हे युनियनच्या एका ताईंनी सांगितलं, आणि तोवर माझी सही होऊन गेली होती. त्याच दिवशी लेखी अर्ज करा, पूर्ण लॉग मागा, सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगा. आमच्याकडे फुटेज पंधरा दिवस राहतं आणि मेमो आला बाविसाव्या दिवशी. त्या स्क्रीनसमोर कोण बसलं होतं, ते आता कधीच कळणार नाही. पुरावा म्हणून पेशंटच्या स्क्रीनचे फोटो मात्र मोबाइलवर काढू नका, तोच नवा गुन्हा ठरेल.

कार्ड कुणाला देऊ नका. नवीन मुलींची कार्डं महिना महिना तयार होत नाहीत आणि त्या आमच्या कार्डांवर काम करतात. हे इन्चार्जपासून वरपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तरीही देऊ नका. उठताना पुन्हा टेकवून स्क्रीन बंद करा. कार्डाबरोबर पिन मागणारी सोय आहे का, विचारा. कार्ड कोणत्या जातीचं आहे, तेही लेखी विचारा. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी साधी कार्डं येईल त्या रीडरला तोच नंबर सांगतात, त्यांची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्झची म्हणजे पक्की, असंही नाही. त्यातल्या मायफेअर क्लासिक या फार चालणाऱ्या कार्डाचं कुलूप नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी २००८ मध्येच उघडून दाखवलं होतं. आणि शांत राहा, जेवत जा, घरच्यांना सांगा.

एचआयव्ही आणि एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची स्थिती उघड करायची नाही, असं त्यात आहे. आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने त्यांच्या सुरक्षेची व्यवस्था करायची, असंही आहे. मला फक्त पहिलं वाक्य वाचून दाखवण्यात आलं. वीस मिनिटांचा निर्णय कुणाचा, हे मी चौकशीत दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पुढचा प्रश्न घेतला गेला.

ज्याचा रिपोर्ट फुटला, त्या पेशंटच्या भावाने त्याला घरी न्यायला नकार दिला. तो पेशंट डिस्चार्जनंतर दोन दिवस वॉर्डातच होता. माझ्यावर खोटा आळ आला, पण त्याचं जे गेलं ते कोण भरून देणार? त्याची माफी हॉस्पिटलने मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझ्याबद्दल तोंडी सांगितलं, "सिस्टर, विषय संपला, ड्युटीला लागा." स्क्रीनची मुदत आता तीन मिनिटं केली आहे. मेमो मागे घेतल्याचं पत्र मात्र आलेलं नाही. मी तीन अर्ज दिले आहेत, तिन्हींवर इनवर्डचा शिक्का आहे. चौथा सोमवारी देणार आहे.