लेकरू बोलत का नाही?

अहमदपूर तालुक्यातील एका गावी आमचा रात्रीचा वर्ग भरत असे. वर्गाला एक आई येई. कडेवर तिचा तीन वर्षांचा मुलगा असे. मुलगा अंगाने चांगला बाळसेदार होता. पण तो बोलत नसे. हाक मारली तर वळून पाहत नसे. कोपऱ्यात बसून डब्याचे झाकण फिरवीत राही. झाकण काढून घेतले की जमिनीवर डोके आपटी.

सासू म्हणे, "त्याचा बाप बी लई उशिरा बोलला. घाई कशाला?" शेजारीण म्हणे, "बाहेरचं लागलंय. अंगारा लाव." कोणी म्हणे, "आईनंच लाडानं बिघडवलं." आम्हीही तिला एकदा म्हटले होते, "मुलाला घरी ठेवून या. वर्गात गोंधळ होतो." ती आमची चूक होती.

एके दिवशी ती पेटीतले एक मळके कार्ड घेऊन आली. ते माता व बाल संरक्षण कार्ड होते. लेकरू पोटात असताना ते नर्सबाईंनी दिले होते. तेव्हा तिला वाचता येत नव्हते. आता ती अक्षरे जुळवून वाचू लागली. मूल केव्हा बसते, केव्हा बोलते, हे त्यात लिहिले होते. एका ओळीपाशी ती थांबली. म्हणाली, "ताई, हे तर माझं लेकरू करतच नाही."

कशावरून ओळखावे?

मूल दोन-तीन महिन्यांचे झाले की आपल्याकडे पाहून हसते. चार-पाच महिन्यांत मान धरते. नऊ महिन्यांच्या सुमारास आधाराशिवाय बसते, नावाने हाक मारली की पाहते. वर्षाचे झाले की बोटाने वस्तू दाखवते, टाटा करते. दीड वर्षात चालते, काही शब्द बोलते. दोन वर्षांत "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडते.

सगळी मुले एकाच दिवशी सारखी वाढत नाहीत. थोडा मागेपुढे फरक पडतो. पण मूल फार मागे राहिले तर वाट पाहत बसू नये. येत असलेले बोलणे किंवा चालणे गेले, तर मुळीच थांबू नये.

बोलत नसलेल्या मुलाचे कान आधी तपासावेत. ज्याला ऐकू येत नाही, ते बोलायला शिकणार कसे?

शाळेत जाणारे मूल एका जागी बसत नाही. घरी, शाळेत, सगळीकडे तसेच वागते, महिनोन्‌महिने वागते. दुसरे मूल हुशार असते, पण त्याला अक्षरेच लागत नाहीत. अशा मुलांना आळशी म्हणून मारू नये. माराने अक्षर येत नाही, भीती मात्र येते.

दोष कोणाचा?

1943 साली अमेरिकेतील लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा काही मुलांची माहिती लिहिली. ती मुले आपल्यातच मग्न असत. या स्थितीला आज स्वमग्नता म्हणतात. पुढे बरीच वर्षे काही डॉक्टर म्हणत, आईने माया केली नाही म्हणून असे होते. ते खोटे ठरले. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. तो आईचा दोष नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही आणि बाहेरचेही काही नाही.

कोठे जावे?

आधी अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगावे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येतात. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ते फुकट करतात. गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. लातूरजवळ हरंगुळ येथे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्रही आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता यांची नावे आहेत. म्हणजे अशा मुलांना शाळेत शिकण्याचा हक्क आहे. मास्तरांना ते ठामपणे सांगावे.

पुढे काय झाले?

त्या मुलाचे कान चांगले निघाले. त्याला स्वमग्नता होती. सोयाबीनची काढणी चालू होती, तरी आई रोज बुडवून त्याला घेऊन लातूरला जाई. तिथे सांगितलेले खेळ ती घरी घेई. त्याच्यासमोर बसून एक एक शब्द सावकाश म्हणे. हवी ती वस्तू लगेच न देता तो मागेपर्यंत थोडे थांबे.

वर्षभराने एक दिवस त्याने आईचा हात धरला. तिला रांजणापाशी नेले आणि म्हणाला, "पानी."

तो अजून फार बोलत नाही. आजही त्याला गर्दी सोसत नाही. पण वर्गात आता त्याची जागा आहे.

उत्तरे द्या

1. दोन वर्षांचे मूल कसे बोलते?
2. बोलत नसलेल्या मुलाचे आधी काय तपासावे?
3. तुमच्या घरी माता व बाल संरक्षण कार्ड आहे का? ते काढा आणि घरच्यांना वाचून दाखवा.