कोल्हापूरचा अनिकेत

कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते. परंतु तेथील तालमींचे फुटबॉलचे संघही आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांची झुंज लागली की पेठापेठांतील माणसे तिकडे लोटतात.

अशा नगरात २००० साली अनिकेत जाधव जन्मला. वडील रिक्षा चालवीत. लहान वयातच घर सोडून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकावयास गेला.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. फुटबॉलच्या विश्वचषकात भारत प्रथमच उतरला होता. अमेरिका, कोलंबिया व घाना या तिघांकडूनही आपला संघ हरला. त्या संघात अनिकेत होता. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय लीगमधील पहिल्या सामन्यात त्याने चेन्नईच्या संघावर दोन गोल केले!

२०१९ साली तो तीन महिन्यांकरिता इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाकडे गेला. १८८८ साली तेथील लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संघांपैकी हा एक. पुढे पुण्याच्या एका उद्योगसमूहाने तो विकत घेतला होता. त्या वेळी तो दुसऱ्या श्रेणीत खेळे. अनिकेत गेला तो सामने गाजविण्यास नव्हे, केवळ सरावास. सराव आटोपून तो परतला.

२०२२ साली हैदराबादच्या संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. त्या संघात अनिकेत होता.