संगणकीय नोंदींचा अनागताबाधाप्रतिषेध

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘अनागताबाधाप्रतिषेध’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बाधा येण्यापूर्वीच तिला अटकाव करावा, हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चिकित्सालयातील संगणकाला मात्र तो आपण क्वचितच लावतो. रुग्णाची प्रकृती, पूर्ववृत्त, योजलेले कल्प, तसेच औषधालयातील साठा व बॅच क्रमांक हे सारे आज पुष्कळ ठिकाणी एकाच यंत्रात असते.

हेतू व संप्राप्ती

‘रॅन्समवेअर’ ही खंडणीसाठी रचलेली आज्ञावली होय. अनोळखी ईमेलमधील फाइल, अनधिकृत सॉफ्टवेअर, दुर्बल पासवर्ड ही तिची प्रवेशद्वारे. ती काही काळ सुप्त राहू शकते. मग सर्व फाइली सांकेतिक रूपात बंद करून सोडवणुकीसाठी पैसे मागते. पैसे भरूनही नोंदी परत मिळतीलच, याची शाश्वती नसते. त्या वेळी संगणकाला जोडलेली डिस्कही तिच्या तावडीत सापडते. अशा डिस्कलाच आम्हीही वर्षानुवर्षे ‘बॅकअप’ म्हणत आलो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

एक उदाहरण

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम हाताने करावे लागले. नोंदणी, प्रवेश आदी बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. तरीही ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळाली, कारण बॅकअपचा एक सर्व्हर अबाधित राहिला होता.

प्रतिषेध

१. नोंदींच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर असाव्यात. त्यांपैकी एक अन्य वास्तूत ठेवावी.

२. दोन बाह्य डिस्क आळीपाळीने वापराव्यात. प्रत घेताच डिस्क काढून ठेवावी व तिला पासवर्डचे संरक्षण द्यावे. तीत रुग्णांची गुपिते असतात.

३. दर महिन्याची एक जुनी प्रत राखावी. सुप्त बाधा ताज्या प्रतीतही उतरलेली असू शकते.

४. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडून दहा रुग्णांच्या नोंदी पडताळाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे परीक्षा न करता द्रव्य वापरणे होय.

५. बाधा दिसताच यंत्र नेटवर्कपासून तोडावे, बॅकअपची डिस्क त्यास मुळीच जोडू नये आणि सायबर पोलिसांस कळवावे.

जीर्णव्याधीच्या रुग्णाचा दोन वर्षांचा उपशय-अनुपशय हरवला, तर तो पैशाने विकत घेता येत नाही. रुग्णाने ते वृत्त विश्वासाने आपल्या हाती सोपविलेले असते. म्हणून व्यवसायबंधूंना आमची विनंती आहे की, हा अंक मिटण्यापूर्वी आपली शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, एवढे अवश्य पाहावे.