सेमिनार देण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष, कला)

‘सेमिनार’ हा शब्द आमच्या घरात प्रथम आला तो गेल्या वर्षी, फलकावर माझ्या नावासमोर तारीख लागली तेव्हा. आईने विचारले, “परीक्षा आहे का?” मी म्हटले, “नाही, नुसते बोलायचे आहे.” “मग त्यात काय?” असे म्हणून ती पोळ्यांच्या कामाला निघून गेली.

त्यात काय असते हे मला त्या तारखेला कळले. चौदा फुलस्केप पाने मी दोन पुस्तकांतून उतरून काढली होती. वेळ दहा मिनिटांची. मान खाली घालून वाचत राहिले. चौथ्या पानावर ‘आणि’ ऐवजी ‘आनि’ असा उच्चार झाला, मागच्या बाकांवर हशा पिकला, आणि त्यानंतर माझ्याच आवाजाची मला भीती वाटू लागली. सहाव्या पानावर सरांनी “वेळ संपली” म्हटले. मुद्दा तर अकराव्या पानावर होता!

ज्या मित्रमैत्रिणींच्या घरी यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. बाकीच्यांना यातले बरेच घरीच ऐकायला मिळालेले असते.

महाराष्ट्रात जाहीर बोलण्याची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला प्रसिद्धच आहे. परंतु व्याख्यान वेगळे आणि सेमिनार वेगळा. व्याख्यात्याला लोक ऐकायला आलेले असतात. विद्यार्थ्याला लोक तपासायला बसलेले असतात. म्हणून मला वक्त्यापेक्षा एका विद्यार्थ्याचे उदाहरण हवे होते, आणि ते या वर्षी अभ्यासाच्या निमित्ताने मिळाले.

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. तो विद्यार्थी म्हणजे परळच्या चाळीत राहून शिकलेले भीमराव आंबेडकर. पुढे मे 1917 मध्ये तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापला गेला. आपण त्याकडे विचार म्हणून पाहतो. सेमिनार म्हणून क्वचितच पाहतो. मी दुसऱ्यांदा उभी राहणार होते ती याच निबंधावर, म्हणून तो मी या दृष्टीनेही वाचला.

समोर जात न पाहिलेले लोक आहेत, हे त्यांनी पहिल्या वाक्यापासून ओळखले आहे. आरंभ जातीपासून नाही, प्रदर्शनापासून आहे. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहिलेली असतात, मग मानवी संस्थांचे प्रदर्शन का मांडू नये, अशा वळणाने ते श्रोत्यांना आत घेतात. विषय अफाट आहे हे सांगून लगेच त्याला कुंपण घालतात. मग सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या मांडून त्यांतले उणे दाखवतात. यांतले केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोश करणारे आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांना ते मान देतात, पण सोडत मात्र नाहीत. केतकरांनी जातीची म्हणून सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे बाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे ते दाखवून देतात. मोठ्या माणसाशी मतभेद कसा मांडावा हे मला येथे कळले. आम्ही एकतर थोरांची री ओढतो, नाहीतर गप्प बसतो.

मग मुख्य मुद्दा एकच : जातीतल्या जातीत लग्न. तो समजावताना हिशेब मांडला आहे. गटाबाहेर लग्न नाही म्हटले की स्त्री-पुरुषांची संख्या जुळलीच पाहिजे. नवरा मेला की बायको ‘जादा’ ठरते. म्हणून सती, नाहीतर सक्तीचे वैधव्य. बायको मेली की पुरुष ‘जादा’. त्याच्यासाठी लग्नाचे वय न झालेली मुलगी आणायची.

हा भाग मी आईला पोळ्या लाटताना मोठ्याने सांगितला. आमची खोली संतोषनगरच्या चढावर, मधली भिंत पत्र्याची, शेजारच्या मावशींनी सकाळी विचारले, “काल कुणावर ओरडत होतीस गं?” पण आईचे लाटणे ‘जादा’ या शब्दावर थांबले. “म्हणजे आपली आत्या,” ती म्हणाली. आत्या सतराव्या वर्षी विधवा झाली आणि आमच्याकडे भाकऱ्या भाजत तिने जन्म काढला. त्यानंतर तो मुद्दा मला पाठ करावा लागला नाही.

तयारीचे म्हणाल तर घड्याळ लावून पाहिले. मी मिनिटाला शंभरएक शब्द बोलते. दहा मिनिटांचे हजार. माझ्या पहिल्या चौदा पानांत अठ्ठावीसशे होते! यावेळी पाच पाने लिहिली, मग ती बाजूला ठेवून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त मुद्दे घेतले. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र अक्षरशः लिहून ठेवावे. घसा तिथेच कोरडा पडतो. बाबा रिक्षा चालवतात. ते म्हणाले, “मीटर टाकायच्या आधी पॅसेंजरला विचारावं लागतं, उतरायचं कुठं?” म्हणून शेवटचे वाक्य आधी लिहिले.

‘ण’चे काय करावे? मी आठवडाभर आरशासमोर ‘पाणी, आणि, कारण’ घोकले. त्याचा उपयोग झाला हे नाकारत नाही. पण त्या आठवड्यात मला निबंध आणखी एकदा वाचता आला असता, याची चुटपुट आजही आहे.

दुसरा सेमिनार नऊ मिनिटांत संपला. ‘आनि’ एकदा झालेच. कोणी हसले की नाही ते मी पाहिले नाही. मग एका मुलाने विचारले, “आंबेडकर म्हणतात की आरंभी जात एकच होती. आणि हेही म्हणतात की एकटी जात असूच शकत नाही. हे जुळते कसे?” मला उत्तर सुचेना. निबंधाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच म्हटले आहे की आपले मत हा शेवटचा शब्द नव्हे, चर्चेतली एक भर आहे. ते आठवून धीर आला. “पुढच्या तासाला सांगते,” म्हटले.

उत्तर निबंधातच होते. एका गटाने दार लावून घेतले की बाहेर राहिलेल्यांचाही, त्यांची इच्छा असो वा नसो, वेगळा गट होतो. दार लावणारा एकच. पण कडी पडताच गट दोन झाले. मंगळवारी तास सुरू होण्याआधी हात वर करून मी बाकाशीच उभी राहिले आणि एवढे सांगितले. दोन मिनिटेही लागली नाहीत, आणि हातात कागद नव्हता.