धावी होवंदे, मगे बघूया

पालकहो,

"धावी होवंदे, मगे बघूया ता हॉकीचा." दहावी जवळ आली की कुडाळात हे वाक्य कितीतरी घरांत बोललं जातं. त्यामागे माया आहे, लेकीच्या पुढच्या आयुष्याची काळजी आहे, हे मनापासून मान्य. तरीही आज बोलायचं आहे ते याच वाक्याबद्दल. त्यातलं "मगे" बहुतेक मुलींच्या वाट्याला कधी येतच नाही.

मुलींचा ज्युनिअर विश्वचषक २१ वर्षांखालच्या खेळाडूंचा असतो. त्या संघापर्यंत पोचायचं तर शाळा, जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय शिबिर अशी चढण असते, आणि तिचा मोठा भाग चौदा ते अठरा या वयात चढायचा असतो. नेमक्या त्याच वयात आपण स्टिक माळ्यावर टाकतो. वर्ष-दीड वर्षाने ती खाली काढली तरी कंबरेत वाकून धावण्याची सवय मोडलेली असते, बरोबरीच्या मुली पुढे निघून गेलेल्या असतात.

२०२२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचेफस्ट्रूमला हा विश्वचषक झाला. भारतीय संघात फलटण तालुक्यातल्या दोघी होत्या, वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे. आसू गावची वैष्णवी ही शेतकऱ्याची मुलगी. हॉकीसाठी ती लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेली. उपांत्यपूर्व फेरीत आपल्या मुलींनी कोरियाला ३-० असं हरवलं. पुढे नेदरलँड्सने रोखलं, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडशी २-२ बरोबरी झाल्यावर शूटआउटमध्ये पदक हुकलं. चौथा क्रमांक. पण म्हणून त्या मुलींचं काही संपलं नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला कांस्य मिळालं, तेव्हा वैष्णवी मोठ्यांच्या संघात होती.

त्याच ज्युनिअर संघात लखनौची मुमताज खान होती. कोरियाविरुद्ध तिने गोल केला, त्या वेळी तिची आई भाजीच्या गाडीवर गिऱ्हाईक सांभाळत होती. सामना बघणं तिला जमलं नाही, पण मुलीला खेळू दिलं होतं. आईबापांनी हॉकीतलं सगळं समजून घ्यायलाच हवं असं नाही, एवढं त्या बाईकडे बघून पटतं.

आपल्याकडच्या अडचणी मला नवीन नाहीत. शालेय स्पर्धा ऐन पावसात येतात. शिबिर गणेश चवथीतच निघतं, मुंबईचे चाकरमानी घरात आलेले असतात आणि "चेडू खंय गेला?" म्हणून लेकीची विचारणा सुरू होते. मैदान जांभ्याचं, चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. राष्ट्रीय पातळीची हॉकी टर्फवर खेळली जाते, म्हणजे सरावाला गोव्यात म्हापशाच्या पेडे मैदानाकडे नाहीतर थेट पुण्याकडे बघायचं. उन्हाने रंग काळवंडतो, हेही कुणीतरी बोलून दाखवतंच. त्याला उत्तर देत बसू नका.

परगावी पाठवताना मात्र संकोच न करता विचारा. संघाबरोबर महिला व्यवस्थापक कोण आहेत, मुली कुठे उतरणार, रात्री फोन कुणाला करायचा? पालकांनी हे विचारलं म्हणून कुणी नाराज होत असेल तर होऊ द्या, तो तुमचा हक्कच आहे. पाळी सुरू झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. दमते म्हणून आळशी ठरवलेल्या कितीतरी मुलींच्या अंगात रक्तच कमी असतं. चहा-बिस्किटावर पहाटेच्या सरावाला धाडू नका. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा हे सगळं आपल्या घरात आहेच. गुडघा दुखतो म्हणाली तर तेल चोळून पुन्हा पळायला लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

अभ्यासाचं म्हणाल तर खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण एवढ्यासाठीच तिला खेळवू नका. भारताची जर्सी फार थोड्यांच्या अंगावर चढते, आणि हे तिला सुरुवातीलाच खरं खरं सांगायला हवं. खेळून आलेल्या मुलीची बघण्या-बोलण्याची धिटाई तिच्याकडेच राहते, आणि ती पुढे उपयोगी पडते ते मी बघत आलो आहे.

आणखी एक. सामन्याहून आल्यावर "किती गोल मारलेस?" असं विचारू नका. वैष्णवी मधल्या फळीत खेळते. तिथल्या खेळाडूचं काम चेंडू अडवून पुढच्या मुलीच्या स्टिकवर नेमका पोचवण्याचं. गोल झाला की नाव दुसरीचं लागतं. तुमची लेक बचावात असेल तर तिने अडवलेला गोल कुठे लिहूनसुद्धा ठेवत नाहीत. "कुणाला अडवलंस, कसं अडवलंस?" म्हणून विचारा. जेवता जेवता पोळपाटावर वाट्या मांडून ती तुम्हाला अख्खा पेनल्टी कॉर्नर दाखवील.

जिल्हा क्रीडा कार्यालय ओरोसला आहे, कुडाळहून एसटीने जाता येतं. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी आहेत, वयाची अट काय, हे तिथे विचारता येईल. जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.