आईची गॅलरी

प्रश्न : आई 76 वर्षांची आहे. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेल्यामुळे ती आमच्याकडे ठाण्याला, चौदाव्या मजल्यावर राहायला आली. सगळ्या सोयी आहेत, तरी ती दिवसभर गप्प असते. काय करावे?

उत्तर : चाळीत दार उघडले की गॅलरी होती, येणारे-जाणारे होते. दोन शब्द बोलायला मुद्दाम कुठे जावे लागत नव्हते. आता प्रत्येक भेटीसाठी लिफ्ट लागते. शरीराची ताकद जितकी कमी, तितका परिसराचा परिणाम जास्त, असे लॉटन आणि नाहेमो या अभ्यासकांनी 1973 मध्येच मांडले होते. तुम्हाला न जाणवणारा उंच फूटपाथ आईला घरात बसवतो.

एकदा तिच्या चालीने तिच्यासोबत खाली फिरा. बसायला बाक आहे का, रस्ता कुठे ओलांडता येतो, ते पाहा. बाक नसेल तर सोसायटीकडे हक्काने मागा. बाथरूममध्ये धरायला दांडी आणि रात्री मंद दिवा याच आठवड्यात लावा. स्वयंपाकघरात तिच्या हाताचे काही काम राहू द्या. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुन्या शेजारणींना राहायला बोलवा. भूक-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तर वयावर न ढकलता डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे.