दोष सेन्सरचा की तारेचा?

१ एप्रिल २००० पासून देशभर ‘इंडिया २०००’ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि पेट्रोल मोटारींतील कार्बुरेटर मागे पडत गेला. पेट्रोल किती सोडावे हे आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सेन्सरांच्या वार्तेवरून ठरवतो. वार्ता खोटी असेल तर निर्णयही चुकतो.

इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर घेऊ. तापमान वाढले की त्याचा विद्युत्‌रोध घटतो. अनेक गाड्यांत तो २०° से.ला सुमारे अडीच हजार ओहम, तर ८०° से.ला सुमारे तीनशे ओहम असतो. तार पुरती तुटली तर बहुधा दोषदर्शक दिवा लागतो. परंतु प्लगमधील गंजाने रोध थोडाच वाढला, तर दिवा लागत नाही. नियंत्रक गरम इंजिनाला थंड समजून जादा पेट्रोल सोडतो. काळा धूर निघतो व खर्च वाढतो.

परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीचे इंजिन हवेइतकेच थंड असते. इंदूरात जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी हा आकडा फार निराळा येईल. म्हणून प्रथम हवेचे तापमान पाहावे. मग प्लग काढून मल्टीमीटरने सेन्सरचा रोध मोजावा, व गाडीच्या पुस्तिकेतील कोष्टकाशी ताडावा. इंजिन तापल्यावर पुन्हा मोजावा. दोन्ही आकडे जुळले, तर सेन्सर निर्दोष. तार व प्लग तपासावेत.

मोजण्याआधी सुटा भाग बदलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.